तोंडभर चुका

मामांना कुणी काही विचारलं, की ते आधी डावा हात हनुवटीखाली धरत, तोंडातल्या चुका तळहातावर काढत आणि मगच उत्तर देत. चुका म्हणजे कापड ठोकायचे बारीक टोकदार खिळे. खुर्च्या आणि सोफे दुरुस्त करणाऱ्याला एका हातात हातोडी धरावी लागते, दुसऱ्या हातानं कापड ताणावं लागतं. तिसरा हात देवानं दिलेला नाही, म्हणून खिळे तोंडात. बत्तीस वर्षं हेच चाललं होतं. गल्लीतले लोक गमतीनं म्हणत, "मामांच्या तोंडात कायम चुका." त्यावर मागच्या शिवणयंत्रावरून मामी म्हणत, "आणि त्या काढल्या, तरी बाहेर येतात त्या चुकाच!"

दुकान म्हणजे एक लांबट खोली होती. दारापाशी तयार झालेला माल, मधे उघडेवाघडे लाकडी सांगाडे आणि अगदी मागे खिडकीजवळ मामी व त्यांचं यंत्र. कापूस इतका उडायचा, की दुपारपर्यंत दोघांच्याही भुवया पांढऱ्या होत. मामांचा जीव माणसांपेक्षा खुर्च्यांत जास्त. खुर्ची उलटी केली, की तिच्या घरात काय चाललंय ते त्यांना कळायचं. "हिच्यावर बसणारा उजव्या बाजूला झुकतो. डावीकडे बायको बसत असणार," असं ते सांगत आणि ते खरंही निघे.

असा हा सुखी माणूस इंग्रजीच्या नादी लागला तो एका गुलाबी सोफ्यामुळे.

गल्लीच्या तोंडाशी सहा मजली नवी इमारत उभी राहिली आणि तिच्यात दूरदूरचे लोक राहायला आले. ते आपसात वेगवेगळं बोलत, पण मामांशी सगळे इंग्रजीत. मामांना इंग्रजी शब्द पुष्कळ येत. सोफा, स्प्रिंग, फोम, कव्हर, डिलिव्हरी. फक्त ते एकमेकांना कसे जोडायचे, ते येत नसे. त्यामुळे गिऱ्हाईक बोलू लागलं, की मामा तोंडात चुका धरून मान डोलावत आणि शेवटी "यस" म्हणत. एका करड्या चेहऱ्याच्या गृहस्थांनी सोफा टाकताना कापडांच्या गठ्ठ्याकडे बोट दाखवून विचारलं होतं, की तुम्ही हे गुलाबी तर नाही ना लावणार? मामा म्हणाले, "यस." आठ दिवसांनी सोफा घरी गेला तो नवजात बाळाच्या गालासारखा. ते गृहस्थ तुरुंगाचे अधीक्षक होते. सोफा त्यांनी परत केला नाही, पण जाता-येता दुकानाकडे जे बघत, ते मामांना रात्री झोपेतही दिसू लागलं.

"शिकायचं," मामांनी मामींना सांगितलं.

"या वयात?"

"या वयात दात पडतात, जीभ नाही पडत."

गुरू मात्र आपल्या पायांनी चालत आला. पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई आपली वाचायची खुर्ची घेऊन आल्या. तिची स्प्रिंग वर आली होती आणि बाईंना दर परिच्छेदाला टोचत होती. खुर्ची टाकून त्या निघणार, तेवढ्यात मामा एका गिऱ्हाइकाशी इंग्रजी बोलताना त्यांच्या कानावर पडलं आणि त्या दारातच थबकल्या. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाल्या, "मामा, आत्ता त्यांना काय म्हणालात तुम्ही? 'माय मिसेस स्टिचेस युवरसेल्फ'?"

"होय. माझी बायको स्वतः शिवते."

"तुम्ही सांगितलंत, माझी बायको तुम्हालाच शिवते."

मामांना आठवलं, की ते गिऱ्हाईक मामींच्या यंत्राकडे बघत बघत उलट्या पावलांनी बाहेर गेलं होतं.

"हे सर्वनामाचं प्रकरण आहे," बाई म्हणाल्या आणि पर्स बाजूला ठेवून स्वतःच्याच टोचऱ्या खुर्चीत बसल्या. "बसा समोर."

त्या दिवसापासून रोज दुपारी चारला शिकवणी सुरू झाली. मामा हात चालू ठेवत, बाई तोंड चालू ठेवत. नाम मामांना लगेच कळलं. नाम म्हणजे वस्तू, म्हणजे सांगाडा. तो नसेल तर बाकी सगळं हवेत. "एकदा नाम सांगितलं, की पुन्हा पुन्हा तेच नाही म्हणायचं," बाई म्हणाल्या. "चेअर, चेअर, चेअर असं कानाला बरं लागत नाही. दुसऱ्या वाक्यापासून सर्वनाम."

"म्हणजे खोळ," मामा म्हणाले. "सांगाड्यावर घालायची. कुठल्याही मापाला बसते."

बाईंनी पस्तीस वर्षांत सर्वनामाची इतकी चांगली व्याख्या ऐकली नव्हती. त्यांनी ती वहीत टिपून घेतली.

पण गाडी अडली ती पुढच्याच वळणावर. बाईंनी सांगितलं, की इंग्रजीत माणसाला 'ही', बाईमाणसाला 'शी' आणि वस्तूला 'इट'. खुर्ची असो, सोफा असो, स्टूल असो, सगळ्यांना 'इट'.

मामांनी हातोडी खाली ठेवली. "खुर्चीला इट?"

"हो."

"ती खुर्ची. तो सोफा. ते स्टूल. तिघांना एकाच दावणीला कसं बांधणार बाई? सोफ्याचं वागणं बघा, आडवातिडवा पसरलेला, कुणासाठी सरकणार नाही. खुर्ची अंग चोरून बसते. आणि स्टुलाचं तर काय, लहान लेकरू, कुणीही येतं, पाय ठेवतं."

"मामा, व्याकरण आहे ते. निर्जीव वस्तूला लिंग नसतं."

"निर्जीव!" मामा म्हणाले. "हा नियम करणाऱ्यानं आयुष्यात एक खुर्ची उघडून बघितली नसणार."

हा वाद तीन दिवस चालला. चौथ्या दिवशी बाईंनी हात टेकले. म्हणाल्या, जुन्या जहाजाला इंग्रजीतही 'शी' म्हणायची पद्धत आहे. बस्स. मामांना तेवढं भगदाड पुरलं. जहाजाला चालतं, तर चार पायांच्या आरामखुर्चीला का नाही? ते 'शी'च म्हणत राहिले आणि बाईंनी कानाडोळा केला.

मग आलं क्रियाविशेषण. मामांना ते सर्वांत आवडलं. त्यांच्या मते तो भरायचा कापूस होता. सांगाडा आहे, खोळ आहे, पण कापूस नसेल तर बसणाऱ्याला हाडं लागतात. 'आय वर्क' हे कसं बोडकं वाटतं. 'आय वर्क स्लोली' म्हटलं, की पाठ टेकवावीशी वाटते. आणि करायचं काय, तर शब्दाच्या शेपटाला 'ली' लावायचं. नाइसली, स्ट्रेटली, फुलफुली. बाई म्हणाल्या, डेचं डेली होतं, वीकचं वीकली होतं.

"मग फ्रायडेली?"

"तसं नाही होत."

"शुक्रवारनं काय घोडं मारलंय?"

बाईंनी पुढचं पान उलटलं. मामा दिवसभर 'ली' लावत सुटले. जेवताना मामींना म्हणाले, "भाजी खारटली झालीये." मामी म्हणाल्या, "मग गपली खा." त्या दिवशी शिकवणी संपताना बाईंनी बजावलं, "सगळ्याच शब्दांना 'ली' लावायचं नसतं हं. हार्ड, लेट असे काही शब्द फार दगाबाज आहेत. 'ली' लावलं, की अर्थच उलटा होतो. ते उद्या बघू."

ते उद्यावर राहिलं, इथेच पुढच्या रामायणाची सुरुवात झाली.

मधल्या काळात बाईंच्या स्वतःच्या खुर्चीचं काय झालं, असं कुणी विचारील. ती पहिल्या तीन दिवसांतच झाली होती. पण खुर्ची गेली, की बाईही जाणार, म्हणून मामा रोज तिच्यात काहीतरी खोट काढत. आज हत्ता हलतोय, उद्या पट्टी सैल आहे. शेवटी मामींना राहवलं नाही. "बाई, तुमची खुर्ची केव्हाच झालीये हो. हे तुम्हाला फसवताहेत."

बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "मला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. घरी बसून तरी मी कुणाचं इंग्रजी सुधारणार? मांजराचं?" त्यांनी मामींनाच त्या खुर्चीचं एक नवं कव्हर शिवायला सांगितलं, घाई नाही म्हणाल्या.

तर 'ली'च्या धड्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला नव्या इमारतीतून एक आजीबाई आल्या. पांढरे आखूड केस, पायात कॅनव्हासचे बूट, मागे इमारतीचा रखवालदार आणि त्याच्या डोक्यावर एक प्रचंड आरामखुर्ची. मुलगा मोठ्या हुद्द्यावर होता, त्याच्याकडे त्या नुकत्याच राहायला आल्या होत्या. त्यांना इंग्रजीशिवाय काही येत नव्हतं आणि मामींना मराठीशिवाय; त्यामुळे दोघींचं पाच मिनिटांत मेतकूट जमलं. आजीबाई बोट दाखवत, मामी "अगंबाई!" म्हणत आणि पुढचं सगळं दोघींना कळत असे. खुर्ची आतून-बाहेरून नवी करायची, कापड स्वतः बघून घ्यायचं, एवढं ठरलं. कापडबाजार वीस मिनिटांवर होता. मामींनी यंत्राला टोपण घातलं, पायात चप्पल सरकवली.

निघताना आजीबाईंच्या लक्षात आलं, की फोन घरीच राहिलाय. त्यांनी कागदावर मुलाचा नंबर लिहून मामांच्या हातात दिला. "माय सन," त्या म्हणाल्या आणि खुर्चीकडे बोट दाखवलं. "टेल हिम. ही लव्ह्ज दॅट चेअर." म्हणजे मधेच घरी डोकावलेला मुलगा खुर्ची जागेवर नाही म्हणून कासावीस व्हायला नको. मामांनी चुका तळहातावर काढल्या आणि छाती फुगवून म्हणाले, "यस. टेलली."

दोघी गेल्या. मामांनी आधी खुर्ची उलटी करून तिचं पोट उघडलं. आतून कुजका कापूस, एक चमचा, तीन गुंड्या आणि एक इवलासा दात निघाला. जुन्या खुर्च्यांत काहीही सापडतं. मामांनी ते सगळं एका वाटीत ठेवलं. मग काठीनं झोडून धूळ काढली, एका पायाची लांबी जास्त होती ती डोळ्यांनी मापली आणि मग निरोपाकडे वळले.

फोनमध्ये आवाज भरून पाठवायचा असा निरोप आयुष्यात प्रथमच द्यायचा होता. त्यांनी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर तो आधी पेन्सिलनं लिहून काढला. बाईंचा प्रत्येक नियम पाळला. पहिल्या वाक्यात नाम आणि पुढे सगळी सर्वनामं. जिथे रिकामं वाटलं, तिथे कापूस भरला. शेवटी पत्राच्या धड्यातलं 'युवर्स फेथफुली' टाकलं. ही ओळ त्यांना फार लाडकी होती. आधी सर्वनाम, मग क्रियाविशेषण आणि खाली स्वतःचं नाम, एवढ्याशा जागेत सगळं कुटुंब नांदतंय! मग त्यांनी फोन तोंडासमोर धरला, घसा खाकरला आणि पहिलं वाक्य खणखणीत वाचलं. "गुड आफ्टरनून सर, युवर मदर्स ओल्ड चेअर केम टु माय शॉप टुडे." एवढं झाल्यावर त्यांना आठवलं, की मामींनी सांगितलं होतं, बोलताना ते बटण दाबून धरायचं. त्यांनी बटण दाबलं आणि पुढचं वाचलं.

नाम गेलं वाऱ्यावर. मुलाच्या फोनवर पोचल्या त्या नुसत्या खोळी.

मुलगा तेव्हा बारा माणसांच्या बैठकीत होता. अनोळखी नंबरावरून आलेला निरोप त्यानं कानाला लावला. एक अनोळखी घोगरा आवाज सावकाश, शब्द मोजून बोलत होता:

"शी इज विथ मी. शी इज व्हेरी ओल्ड. हर बॅक इज टोटली ब्रोकन. आय ओपन्ड हर स्टमक स्लोली. इनसाइड आय फाउंड वन स्पून, थ्री बटन्स अँड वन टूथ. आय बीट हर विथ स्टिक, नाउ शी इज क्लीनली. टुमारो आय कट वन लेग, देन शी विल स्टँड स्ट्रेटली. डोन्ट कम सडनली. आय अ‍ॅम वर्किंग हार्डली. शी विल कम होम फ्रायडेली. युवर्स फेथफुली, मामा."

मुलानं आईला फोन लावला. तो घरी वाजत राहिला. त्यानं रखवालदाराला फोन लावला. रखवालदार म्हणाला, की होय, दुपारी मीच त्यांना मामांकडे सोडून आलो. बैठक, बॅग, जेवणाचा डबा सगळं टाकून मुलगा धावत सुटला आणि वाटेत चौकीतून एका हवालदारालाच उचलून घेऊन आला.

हवालदार वजनदार गृहस्थ होते. निरोप त्यांनी वाटेत तीनदा ऐकला होता आणि तिसऱ्यांदा ऐकताना त्यांनी टोपी सरळ केली होती. चौकीत एवढी वर्षं सायकलचोरांवर घालवल्यावर असला मामला पहिल्यांदाच वाट्याला येत होता. ते दारात उभे राहिले. आत कापूस उडत होता आणि एक पांढऱ्या भुवयांचा माणूस हातात करवत घेऊन गुणगुणत होता.

"हा निरोप तुम्ही पाठवला?"

मामांनी चुका तळहातावर काढल्या. मुलाला वाटलं, दात काढले. तो भिंतीला टेकला.

"मीच," मामा खुलून म्हणाले. "पोचला का नीट? पहिलाच आहे माझा."

"पहिलाच?"

"आता पाठवत राहणार. एकदा भीड चेपली, की झालं."

हवालदारांनी वही काढली. "ती कुठेय?"

"मागे. उघडून ठेवलीये."

"हे सगळं तुम्ही एकट्यानं केलंत?"

"छे हो. शिवायचं काम मंडळींकडे. त्यांच्यासारखी शिवण या भागात कुणाची नाही."

"बायकोही सामील," हवालदार लिहिता लिहिता पुटपुटले. "किती दिवसांपासून चाललंय हे?"

"बत्तीस वर्षं. वडिलांपासूनचा धंदा आहे आमचा."

"आजवर अशा किती?"

"कोण मोजतंय साहेब? आठवड्याला तीन-चार तर होतातच. उन्हाळ्यात जास्त."

हवालदारांच्या हातातली पेन्सिल थांबली. मुलाला मराठी कळत नव्हतं, पण हवालदारांच्या चेहऱ्याचा रंग कळत होता. "इज शी अलाइव्ह?" त्यानं क्षीण आवाजात विचारलं.

मामांनी प्रश्नाचा मनापासून विचार केला. त्यांच्या लेखी तो वेडगळ नव्हताच. उलट खुर्ची जिवंत आहे का, असं विचारणारं गिऱ्हाईक त्यांना जन्मात पहिल्यांदा भेटत होतं. "साहेबांना सांगा," ते हवालदारांना म्हणाले, "सांगाडा एकदम शाबूत आहे. असला सांगाडा हल्ली बघायला मिळत नाही. आतलं सगळं मात्र मी काढून टाकलंय. कुजलं होतं."

हे ऐकून हवालदारांना आधी बसायला काहीतरी हवं झालं. ते हात मागे करून चाचपत दुकानात खोलवर सरकले. हाताला एक हत्ता लागला आणि त्यांनी अंग टाकलं.

"साहेब, तिच्यावर नको!" मामा ओरडले. "तिच्यावर नका बसू!"

"कुणावर?" हवालदार विचारेपर्यंत उशीर झाला होता. ती आजीबाईंचीच आरामखुर्ची होती. बैठक काढलेली, पट्ट्या कापलेल्या, मधे नुसतं भोक. पाय मापायला मामांनी नुकतीच ती सरळ करून ठेवली होती. हवालदार कमरेतून दुमडले आणि खाली गेले. वर राहिले दोन बूट, दोन हात आणि टोपी.

"तिच्यावर!" मामा कळवळून म्हणाले. "शी! शी इज द... चेअर!"

मुलानं हळूहळू हवालदारांभोवतीच्या चौकटीकडे पाहिलं. हत्त्यावरचा तो चटका त्याच्या ओळखीचा होता, लहानपणी त्यानंच इस्त्री ठेवली होती. "दॅट्स अवर चेअर," तो म्हणाला.

"यस," मामा म्हणाले. "शी."

अशा वेळी बरोबर चार वाजले आणि बाई आल्या. हवालदारांना खुर्चीत घडी घालून ठेवलेलं पाहून त्या गोंधळल्या नाहीत. शाळेत पस्तीस वर्षं काढलेल्या बाईला असल्या देखाव्याचं काही वाटत नाही. त्यांनी आधी काय झालं ते विचारलं, मग मुलाकडून फोन घेतला, निरोप कानाला लावला आणि पर्समधून लाल पेन काढलं. मामांचा पुठ्ठा समोर होताच. त्यांनी त्यावर खुणा करायला सुरुवात केली.

"मामा, पहिलं वाक्य कुठेय? इथे लिहिलंय, निरोपात नाही."

"म्हणालो मी ते. बटण नंतर दाबलं."

"नामाशिवाय सर्वनाम! मी काय सांगितलं होतं? आणि हे हार्डली? हे उद्या शिकवणार म्हटलं होतं ना मी?"

"खूप कष्टानं काम करतोय असं."

"हार्डली म्हणजे जेमतेम. तुम्ही त्यांना सांगितलंत, मी काम करतच नाहीये."

इतका वेळ मामा शांत होते. पोट फाडलं, पाय कापणार, काठीनं झोडलं, हे सगळं लोकांनी काय समजून घेतलं ते बाईंनी सांगितलं, तेव्हाही ते फक्त "अरेरे" म्हणाले होते. पण आपण गिऱ्हाइकाला 'काम करत नाही' असं सांगितलं, हे कळल्यावर ते मटकन स्टुलावर बसले. बत्तीस वर्षांची अब्रू एका 'ली'नं गेली होती. त्यांनी मुलापुढे हात जोडले. "सॉरी सर. आय वर्क हार्ड. नो ली. बिलकूल नो ली."

"बाई," खुर्चीतून आवाज आला, "माझं काहीतरी बघा."

हवालदारांना काढणं सोपं नव्हतं. ओढलं की खुर्ची बरोबर येई. मुलगा, मामा आणि बाई तिघं झोंबले, तेव्हा खुर्ची हवालदारांसकट दुकानभर फिरली. शेवटी उजवा हत्ता खोलायचं ठरलं. मामा हातोडी उचलून म्हणाले, "जेंटली, साहेब." बाईंनी मान हलवली. हे क्रियाविशेषण बरोबर होतं.

नेमक्या त्याच वेळी मामी आणि आजीबाई परत आल्या. दोघींच्या हातात पिवळ्या फुलांच्या कापडाचं एकेक टोक होतं आणि दोघी कशावरून तरी इतक्या हसत होत्या, की दाराचा उंबरा त्यांना दिसला नाही. आत येऊन बघतात, तर पोलीस खुर्चीत अडकलेला, मामांनी हातोडी उगारलेली आणि मुलगा रडतोय.

मुलानं आईला कडकडून मिठी मारली. ती काहीच न समजता त्याची पाठ थोपटत राहिली. बाईंनी तिला सगळं इंग्रजीत सांगितलं. सांगताना एकही सर्वनाम वापरलं नाही. ऐकून म्हातारी हसत हसत जमिनीवर बसली आणि मामी, कारण न कळताही, तिच्या शेजारी बसून हसू लागल्या.

मामांनी वाटी आणून समोर धरली. चमचा, तीन गुंड्या, दात. मुलानं दात उचलला, उजेडात धरला, आणि त्याच्या चेहऱ्यावर विचित्र भाव उमटले. सात वर्षांचा असताना हलता दात जिभेनं खेळवत तो याच खुर्चीत झोपला होता. उठला तेव्हा दात गायब. आपण गिळला, असं समजून तो दोन दिवस रडला होता. आणि त्यानंतर आजतागायत पोटात जरा दुखलं, की त्याच्या मनात पहिल्यांदा तोच दात यायचा. डॉक्टरांनाही तो आधी तेच सांगायचा. आता सत्तेचाळीसाव्या वर्षी तो दात हातात घेऊन तो पोटावरून हात फिरवत उभा राहिला. म्हणाला, खरंच हलकं वाटतंय.

हवालदार सुटल्यावर त्यांना चहा दिला. ते उभ्यानंच प्यायले. चौकीत जाऊन त्यांनी अहवाल लिहिला, त्यातलं वाक्य पुढे कित्येक दिवस तिथे गाजलं: 'चौकशीअंती तक्रारीत तथ्य आढळले नाही. सदर वृद्धा ही खुर्ची आहे.'

आरामखुर्ची शुक्रवारी घरी गेली. बैठकीला पिवळी फुलं, आत नवा कापूस, चारही पाय सारखे. मामांनी मुलाला निरोपही पाठवला. बटण आधी दाबलं आणि 'चेअर' हा शब्द सात वाक्यांत नऊ वेळा घातला. बाईंच्या कानाला ते बरं लागलं नाही, पण त्यांनी लाल पेन पर्समध्येच ठेवलं.

आजीबाईंना मात्र दुकानाची गोडी लागली. त्या दर बुधवारी येऊ लागल्या आणि बाईंकडे मराठी शिकू लागल्या. त्यांची अडचण मामांच्या बरोबर उलटी होती. त्यांच्या भाषेत सगळ्या वस्तू 'इट', इथे प्रत्येकीला वेगळं. मग त्यांनी माणसांनाही हवं तसं वाटून टाकलं. "ती मामा काम करते," त्या म्हणत. मामा ओ देत. आपल्या मुलाबद्दल त्या मामींना कौतुकानं सांगत, "ती ऑफिसला गेली. ती फार दमते. तिला दाढी करायचा कंटाळा येते." दाढीपर्यंत मामी समजत होत्या, की सुनेबद्दल चाललंय. मुलाचं लग्न झालेलं नाही, हे त्यांना कळलं तेव्हा त्यांनी न पाहिलेल्या त्या सुनेसाठी एक झालरीची उशी शिवून ठेवली होती.

एकदा आजीबाईंनी मामांना गाठलंच. सोफा तो, खुर्ची ती, इथवर ठीक. पण पलंग तो आणि बाज ती का? दोन्हींना चार पाय, दोन्हींवर माणूस झोपतो. बाई म्हणाल्या, "याला कारण नसतं, पाठ करा." मामांना ते उत्तर पटलं नाही. त्यांनी तोंडातल्या चुका तळहातावर काढल्या, दुकानातल्या एका पलंगावर आडवे झाले, कूस बदलली, पुन्हा बदलली.

"काही कळतंय का?" मामींनी यंत्र थांबवून विचारलं.

मामा घोरत होते. आजीबाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाल्या, "ती झोपली."